भाड्याची खाकी

फेरीवाल्यांच्या हक्कांवरचं पथनाट्य होतं, त्यात मी पोलीस होतो, आणि पोलिसाचा वेश मी घरूनच घालून गेलो.

माझ्याकडून झालं ते एवढंच. बाकीचं लोकांनी केलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

घरून का, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याला कारण होतं. आमची एक छोटी संस्था आहे. अटक झाली तर काय विचारायचं, रेशन नाकारलं तर कुठे जायचं, रस्त्यावर बसून धंदा करणाऱ्याला कायदा काय देतो, अशा गोष्टी लोकांना कळाव्यात म्हणून आम्ही बडोद्यात गल्लोगल्ली कार्यक्रम करतो. संस्था म्हणजे एक तरुण वकीलबाई, कॉलेजातली काही मुलंमुली, एक ढोलकी, एक कापडी फलक आणि मी. निवृत्त झाल्यावर मी यात शिरलो. समाजकार्याची ओढ वगैरे काही नव्हती. दुपारी घरी बसलो की बायको मला डब्यांची झाकणं शोधायला लावायची.

सुरुवातीला उत्साह होता, तो कधी गेला ते कळलं नाही. सभांना येणारी माणसं ठरलेली. त्यांचे हक्क त्यांना आता आमच्यापेक्षा चांगले पाठ झालेत. एक गृहस्थ तर पंख्याखालची खुर्ची मिळते म्हणूनच येतात, आणि कायद्यापुढे सगळे समान हे वाक्य आलं की नेमके डुलक्या घ्यायला लागतात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती माणसं येतच नाहीत, कारण ती कामावर असतात. आम्ही त्याला जागृती म्हणतो. ज्यांना जागं करायचं ती पहाटेपासून जागीच असतात. झोप आम्हाला येत असते. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, लोक सभेला येत नाहीत ना, मग आपण बाजारात जाऊ. छोटं नाटक करू, उभ्या-उभ्या.

याआधी असंच एक नाटक आम्ही नंदेसरीला केलं होतं, केमिकल कारखान्यांतल्या कामगारांपुढे. तिथे कपडे बदलायला जागा नव्हती. मी चहाच्या टपरीमागे गेलो, अर्धे कपडे काढले, आणि तेवढ्यात शिफ्ट सुटली. माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल आम्ही ज्यांना सांगणार होतो त्या सगळ्यांनी माझी प्रतिष्ठा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पाहिली. तेव्हाच ठरवलं होतं, यापुढे वेश घरून.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत नाटकाचं वेड असतं, आमच्यात ते पणजोबांपासून आहे. ते संस्थानच्या कचेरीत होते. कचेरीत त्यांनी काय केलं हे घरात कोणाला सांगता येत नाही, पण कुठल्या नाटकात तलवार म्यानातून निघेना म्हणून त्यांनी म्यानासकट वार केला, हे सगळ्यांना सांगता येतं. भूमिकेत आधीपासून शिरायचं असतं, असं ते म्हणत. मीही शिरलो. वेश भाड्याने देणाऱ्या दुकानातून खाकी आणली. पट्टा, टोपी, काठी, चिकटवायच्या मिशा. आठवडाभर घरातल्या घरात पोलिसासारखं चालायचा सराव केला. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिक्षाने जा. स्कूटरवरून असे गेलात तर कोणीतरी सलाम करेल आणि तुम्ही तो घ्याल."

मी स्कूटरवरून गेलो. मांडवीजवळ एकाने सलाम केला. मी घेतला.

खरं सांगायचं तर दांडिया बाजारातून पाणीगेटपर्यंतचा रस्ता मला आयुष्यात इतका मोकळा कधी मिळाला नव्हता. रिक्षा बाजूला होत होत्या. एका मुलाने मला बघून घाईघाईने हेल्मेट घातलं, तेही उलटं. थकलेल्या माणसाला असं काही अनपेक्षित मिळालं की तो फार विचार करत नाही. मीही केला नाही.

पाणीगेटच्या अलीकडे एक बाजारगल्ली आहे. दोन्ही बाजूंना जुनी घरं, खाली दुकानं, आणि दुकानांपुढे लाऱ्या. आपण मराठीत हातगाडी म्हणतो, पण बडोद्यात तिला लारी म्हटल्याशिवाय ती चालत नाही. नाटकमंडळी यायला वेळ होता. स्कूटर कोपऱ्यावर लावली, काठी काखेत धरली आणि सराव केलेल्या चालीने गल्लीत शिरलो.

मला पहिल्यांदा पाहिलं जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या लिंबूवाल्याने. त्याने गोणपाटाची चारी टोकं एका हाताने उचलली आणि तो दिसेनासा झाला. मग कोणीतरी ओरडलं, "आवी गया!" म्हणजे आले, आणि गल्लीतून चाकांचा असा खडखडाट सुरू झाला की वरच्या गॅलऱ्यांतून कबुतरं उडाली. लाऱ्या एकामागोमाग एक वळत होत्या. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आमच्या नाटकासाठी जागा करून देतायत. मनात म्हटलंही, काय शिस्त आहे लोकांना.

शाक, म्हणजे भाजी, विकणारी एक बाई मागे राहिली होती. तिच्या लारीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं होतं. ती दोन्ही हातांनी लारी ओढत होती आणि माझ्याकडे बघत होती. "जाते साहेब, जाते, फक्त चाक निघू द्या." मी मदत करायला पुढे झालो. ती लारी सोडून पळाली.

"नाटक छे, बेन! नाटक!" मी ओरडलो. ओरडताना हात वर गेला. हातात काठी होती. गल्लीत जे कोणी उरले होते तेही गेले.

चाक मीच सोडवलं. लारी बाजूला घ्यावी म्हणून ढकलायला लागलो, तर दुकानदार ओट्यांवर येऊन उभे राहिले. मी लारी जप्त करून नेतोय असा त्यांचा समज झाला. एक मोबाइलच्या दुकानाचा मालक तर मनापासून खूश झाला. "साहेब, आ तो रोज करो," म्हणाला.

वकीलबाई मुलांना घेऊन आल्या तेव्हा मी रिकाम्या गल्लीत त्या लारीला टेकून उभा होतो.

"काका, प्रेक्षक कुठेयत?"

"पळाले."

"का?"

त्यांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं, मग जवळच्या ओट्यावर बसून कपाळाला हात लावला. "रंगमंचाबाहेर हा वेश घालणं गुन्हा होऊ शकतो, एवढं तरी ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, नाटकाचाच वेश आहे. त्या म्हणाल्या, "नाटक कुठेय?"

नाटक आम्ही केलं. ढोलकी आणली आहे तर करायला हवं, असं मुलांचं म्हणणं पडलं. प्रेक्षक म्हणजे दुकानदार. मी फेरीवाल्याची टोपली हिसकावतो तिथे त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी फेरीवाला मला कायदा ऐकवतो आणि मी मान खाली घालतो, तिथे ते आत गेले.

एवढ्यावर मिटलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. हसून विसरून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला परत गेलो, साध्या कपड्यांत, मिशांशिवाय. शाकवाळी गल्लीच्या अगदी टोकाला, गटाराच्या तोंडाशी, भर उन्हात उभी होती. मी कोण ते तिला पटेना. पटलं तेव्हा तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही खोटे होतात?"

"हो बेन."

"आणि माझी जागा खरी गेली."

मग तिने मला समजावून सांगितलं. बोलणं गुजरातीत झालं, मी मराठीत सांगतो आहे. या बाजारात जागा कोणाच्या नावावर नसते. जो रोज जिथे उभा राहतो ती त्याची, आणि उभा राहिला नाही तर गेली. तिची जागा गल्लीच्या मध्यावर, जुन्या घरांच्या गॅलऱ्यांच्या बरोबर खाली होती. वर म्हाताऱ्या बायका राहतात, गुजरातीत त्यांना बा म्हणतात. त्यांना उभे जिने उतरवत नाहीत. त्या दोरीला बांधलेली टोपली खाली सोडतात, ही त्यात शाक घालते, टोपली वर जाते. वर्षानुवर्षं तिचा निम्म्याहून जास्त माल असा सरळ वर जात होता. त्या जागेवरून चार पावलं सरकलं तरी टोपली पोचत नाही. आणि आता तिथे एक जामफळवाला, म्हणजे पेरूवाला, उभा होता. पळापळीनंतर तो आधी परतला आणि तिच्या जागेत घुसला.

"मग तुम्ही आता काय करता?"

"चढते."

ती लारी उघडी टाकून पिशव्या घेऊन एकेक जिना चढत होती. गुडघे धरून उतरत होती. तोपर्यंत उन्हाने पालेभाजी मान टाकत होती. "थोडे दिवस चढेन," ती म्हणाली. "पण बा लोकांची नातवंडं मोबाइलवरून शाक मागवायला टपलेलीच आहेत. एकदा ती सवय लागली की परत टोपली कोण सोडतंय?"

हे सगळं ती ओरडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती दमून बोलत होती. मलाही त्या उन्हात एकदम फार दमल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आम्ही कार्यक्रम केले, त्यांतून कोणाला काय मिळालं हे मला कधी सांगता आलं नव्हतं. काय गेलं ते मात्र आता समोर दिसत होतं, आणि ते पाच-सहा उभ्या जिन्यांएवढं होतं.

"मी काय करू, बेन?"

तिने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "उद्या सकाळी पुन्हा तो ड्रेस घालून या. सगळे पळतील. मी पळणार नाही. जामफळवाला गेला की मी आत घुसते."

वेश अजून घरी होता. लपवत नाही, मला क्षणभर मोह झाला. मी वकीलबाईंना फोन केला आणि अगदी सहज, दुसऱ्या कोणाबद्दल विचारावं तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आत्ताच्या आत्ता तो वेश दुकानात परत देऊन या. आणि मला पावतीचा फोटो पाठवा." त्यांनी स्वतः बाजारातल्या जागांबद्दल महापालिकेकडे रीतसर अर्ज केला. अर्जाला त्याचा वेळ लागणार होता. शाकवाळीच्या गुडघ्यांना तेवढा नव्हता.

मग मी जामफळवाल्याकडे गेलो. बडोद्याजवळच्या पादरा गावचा, काटक, तोंडात सतत बडीशेप. मी त्याला फेरीवाल्यांचा कायदा सांगितला. चांगला सांगितला, आमच्या सभेत सांगतो त्यापेक्षा चांगला. त्याने पेरू कापून त्यावर मीठ-मिरची लावत सगळं ऐकून घेतलं.

"दादा, ह्या कायद्यात माझं नाव नाही का?"

"आहे ना. सगळ्यांसाठीच आहे."

"मग मला का हटवता?"

याचं उत्तर आमच्या नाटकात नव्हतं. आमच्या नाटकात एक फेरीवाला होता आणि एक पोलीस. दुसरा फेरीवाला घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

त्याने मला पेरूची फोड दिली आणि रस्त्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याची जागा ती. शटल रिक्षांची वाट बघत लोक तिथे उभे राहतात, कॉलेजची पोरं असतात, पेरू हातोहात जातो. पळापळीच्या दिवशी जागा मोकळी झाली आणि त्या मोबाइलवाल्याने तासाभरात तिथे कुंड्या आणून ठेवल्या. इतक्या वेगाने आमच्या संस्थेत मी काहीही घडलेलं पाहिलं नाही.

"कुंड्या हलवून टाक."

"जाऊन बघा कसल्या आहेत."

गेलो. तुळशी. ओळीने तुळशी, मातीच्या कुंड्यांत, बुंध्याला लाल धागा, प्रत्येकीपुढे उदबत्तीची काडी. शहाणा माणूस होता. लोखंडी पाइप ठेवला असता तर कोणीही बाजूला केला असता. तुळशीला हात लावायची त्या गल्लीत कोणाची छाती होती?

मी दुकानात जाऊन नम्रपणे म्हटलं, रस्ता सगळ्यांचा आहे, हे अतिक्रमण होतं. मालक हात जोडून म्हणाला, "काका, अतिक्रमण कसलं? तुळस आहे. आणि तुम्ही मराठी लोक तर दारात तुळस ठेवता, तिचं लग्न लावता. तुम्ही सांगताय काढ म्हणून?"

खाली मान घालून परत आलो. जामफळवाला हसत होता, पण त्यात मजा नव्हती. "इथे माझं काही खपत नाही," तो म्हणाला. "वरच्या बायकांना पेरू चावत नाहीत. काल एकीने टोपली सोडली, मी पेरू घातले, तिने तसेच खाली सोडले आणि वरून शिव्या दिल्या. मला काय हौस आहे इथे राहायची? पण लारी सोडून कुठे जाऊ?"

म्हणजे तिला तिची जागा हवी होती, त्याला त्याची हवी होती, आणि दोघांच्या मध्ये तुळशी होत्या. संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आता त्यात पडू नका. तुम्ही पडलात की काहीतरी मोडतं."

मी पडलो. सकाळी दुकानं उघडायच्या आधी गेलो. एकच कुंडी थोडी सरकवायची, मग दुसरी, मग रोज वीतभर, कोणाच्या लक्षात येणार नाही असं, असा माझा बेत होता. मी बेत नेहमी फार बारकाईने करतो. कुंडीला दोन्ही हातांनी मिठी मारली, उचलली, कमरेत कळ आली, आणि कुंडी सुटली.

आवाज मोठा झाला. माती माझ्या चपलांवर, तुळस रस्त्यावर आडवी. दूधवाला थांबला. दोन बायका देवळातून येत होत्या, त्या थांबल्या. "चप्पल घालून तुळशीला हात लावला!" एक म्हणाली. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तोच! परवाचा पोलीस!" मोबाइलवाला स्कूटरवरून तेवढ्यात पोचला. आता लोक माझ्याभोवती गोल करून उभे होते. नाटकाला जितके यायला हवे होते तितके होते. मी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. अटक झाली तर काय करायचं ते मी शेकडो लोकांना शिकवलं आहे, पण तुळस फोडली तर काय करायचं याचं कलम मला आठवेना.

तेवढ्यात वरून आवाज आला. "ए! मी सांगितलं होतं त्याला!"

गॅलरीत एक बा उभी होती. बारीक, वाकलेली, आवाज मात्र ढोलकीसारखा.

"मला तुळस पाहिजे होती," ती खाली बघून म्हणाली. "त्याला म्हटलं, एक आणून दे. रस्त्याच्या धुरात एवढ्या तुळशी वाळतायत आणि माझ्या गॅलरीत एक नाही. पाप कोणाला लागेल? ह्या म्हाताऱ्याच्या हातात जोर नाही, त्याला मी काय करू? चल, वर पाठव."

आणि दोरीवरून टोपली खाली यायला लागली.

मोबाइलवाल्याकडे सगळ्यांनी पाहिलं. म्हाताऱ्या बाईने तुळस मागितली तर नाही म्हणणारा माणूस त्या गल्लीत धंदा करू शकत नाही. तो कसनुसं हसला. "लई जाव, बा, घेऊन जा. तुमचीच आहे." जामफळवाला कुठून आला कोण जाणे, त्याने चपला काढल्या, आडवी पडलेली तुळस मातीसकट टोपलीत ठेवली, टोपली हलत-डुलत वर गेली.

शेजारच्या गॅलरीतून विचारणा झाली, "अने मने?" आणि मला?

मग समोरच्या. मग पलीकडच्या. ज्या म्हाताऱ्या कित्येक वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या त्यांच्या घरांतून तुळशीला मागणी आली. लहान कुंड्या टोपल्यांतून गेल्या, मोठ्या जामफळवाला स्वतः जिने चढून देऊन आला, मोबाइलवाल्याने नको म्हणायच्या आत. शेवटची कुंडी उचलली गेली तशी जामफळवाल्याने लारी कोपऱ्यावर आणून उभी केली, आणि दम न खाता पेरू मांडायला लागला.

मी वर जाऊन त्या बांचे आभार मानावेत म्हणून जिना चढलो. जिना खरंच उभा होता. अर्ध्यावर मला शाकवाळीचे गुडघे माझ्याच पायांत जाणवायला लागले. बा दारात आल्या. मी हात जोडले.

"तुझ्यासाठी नाही केलं," त्या म्हणाल्या. "मला भेंडी ताजी लागते. ती बाई जिना चढून येईपर्यंत मऊ पडते." आणि दार लावून घेतलं.

मी खाली उतरलो तोवर शाकवाळी लारी ढकलत गॅलऱ्यांखाली येत होती. तिने चाकाखाली विटेचा तुकडा लावला, ताडपत्री बांधली, पालेभाजीवर पाणी मारलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला वेळ नव्हता.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "यात आपण कुठला हक्क कोणाला समजावला, काका?" मी बोटांवर मोजायला घेतलं. त्या म्हणाल्या, "राहू दे." त्या अर्जाच्या मागे अजून आहेत; तो मंजूर झाला तर म्हाताऱ्या बायकांच्या भरवशावर बाजार चालवावा लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे. मोबाइलवाला स्वस्थ बसणार नाही हे तर मलाही दिसतं. त्याच्या दुकानाबाहेर आता एका देवाची तसबीर लावण्यापुरता खिळा ठोकलेला आहे. तसबीर अजून आलेली नाही.

पुढच्या आठवड्यात ठरलं की नाटक त्याच गल्लीत पुन्हा करायचं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. निरोप द्यायला मला पाठवलं. मी दुपारी गेलो. शाकवाळी भेंडी तोलत होती, वरून टोपली येऊन तिच्या डोक्याशी लोंबत होती. मी म्हटलं, बेन, आमचं नाटक आहे, तुमच्या हक्कांबद्दलच आहे, अवश्य बघायला या. यावेळी मी पोलीस नाही, साधा माणूस आहे.

तिने भेंडी टोपलीत ओतली, दोरीला झटका दिला, आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे वळून पाहिलं.

"साहेब, ते नाटक तिकडे पादऱ्याला जाऊन करा. तुमच्या हातून आणखी थोडे हक्क मिळाले ना, तर मला गावच सोडावं लागेल."